कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

रविवारी दुपारी पिल्लू आणि पिल्लूची आई एकाच वेळी झोपल्या. असा योग चौदा महिन्यांत चौथ्यांदा आला होता. या योगाचं काहीतरी चीज करावं असं पिल्लूच्या बाबाच्या मनात आलं. त्याने बायकोचा कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर एक खिडकी आली आणि तिने अदबीने विचारलं, "नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार आहे. घालू का?" पिल्लूचा बाबा हा मुळात कोणाला नाही न म्हणू शकणारा माणूस. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून त्याने एकदा जिना नसलेल्या घरासाठी जिन्याची जाळी विकत घेतली होती. त्याने 'हो' दाबलं.

"तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता," असं तो संध्याकाळी म्हणाला. दिला, यात वाद नाही.

धक्का सोमवारी सकाळी बसला. पिल्लूच्या आईने कॅड उघडायला घेतलं. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. तिने ते नोकरीला लागल्या लागल्या स्वतःच्या पैशांनी घेतलं होतं, लग्नाच्याही आधी, आणि पुढची सगळी वर्षं ते मुकाट्याने चाललं होतं. आज ते उघडलंच नाही. त्याऐवजी एक ओळ आली: हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.

तिने पुन्हा उघडलं. पुन्हा तीच ओळ. मग तिने पिल्लूला एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि तिसऱ्यांदा उघडलं. बाजू बदलून काही फरक पडत असेल तर पडावा.

एरवी तिने दोन दिवस थांबून बघितलं असतं. ताप आला तरी लोक दोन दिवस बघतातच. पण शुक्रवार समोर उभा होता. कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीत एक दंतवैद्य दवाखाना थाटत होते. त्यांच्या दवाखान्याचा नकाशा शुक्रवारी दुपारी चारच्या आत बांधकाम परवान्याच्या कचेरीत गेला पाहिजे होता. पिल्लू झाल्यापासून तिला मिळालेलं हे पहिलं काम. मधल्या काळात तिने चित्र म्हणून काढलं होतं ते फक्त बदक. तेही रोज, आणि पिल्लूच्या मागणीनुसार त्याच त्या बदकाला कधी तीन पाय. दंतवैद्यांनी काम देताना हसत हसत सांगितलं होतं, "तसा आमचा मेहुणाही नकाशे काढतो हं. मोबाइलवरच काढतो. पण म्हटलं, तुम्हाला संधी द्यावी."

संधी हा शब्द तिच्या घशात शनिवारपासून माशाच्या काट्यासारखा अडकला होता.

"उलट फिरवता येत नाही का?" तिने नवऱ्याला ऑफिसात फोन करून विचारलं.

"दहा दिवसांत फिरवता येतं म्हणे," तो म्हणाला. "फक्त जुन्या फायली ठेवायच्या का असं कॉम्प्युटरने विचारलं होतं."

"मग?"

"जागा खूप खात होत्या गं."

तिने फोन ठेवला. संसारात काही गोष्टी न बोलता साठवून ठेवायच्या असतात.

वरच्या मजल्यावरचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. यंत्र बिघडलं की त्यांना आपोआप खबर लागते. मंगळवारी सकाळी ते न बोलावता आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आधी बंद करून चालू कर."

"केलं, काका."

"किती वेळ बंद ठेवलंस?"

"अर्धं मिनिट."

"तिथेच चुकतं तुमच्या पिढीचं. धीर नाही. आम्ही आख्खं एक्स्चेंज रात्रभर बंद ठेवायचो."

आख्खं एक्स्चेंज रात्रभर बंद ठेवल्यावर त्या गावातल्या लोकांचं काय व्हायचं, हे तिने विचारलं नाही. काकांनी मग खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर त्यांच्या पुतण्याने सांगितलेल्या एका फुकट सॉफ्टवेअरचं नाव होतं. "फुकट आहे," काका म्हणाले, "म्हणजे बिघडायला त्यात काही नाही."

ते उतरवून घ्यायला चाळीस मिनिटं लागणार होती. पिल्लूची दुपारची झोप पस्तीस मिनिटांची. या पाच मिनिटांच्या फरकाचा तिने सकाळपासून विचार केला होता. तिने पिल्लूला पाच मिनिटं उशिरा झोपवलं, सासूबाईंना दाराची बेल काढून ठेवायला सांगितली आणि ती पडद्यावरच्या टक्क्यांकडे बघत बसली. अडतीस टक्के. अडतीस पॉइंट चार. तिने नकळत स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. एकोणचाळीसला ती उभीच राहिली. गेल्या चौदा महिन्यांत पिल्लूच्या सेल्सिअसवाल्या थर्मामीटरवर एकोणचाळीस हा आकडा तिने बसून कधी वाचलाच नव्हता.

शंभर टक्के झाले आणि पिल्लू उठली. पिल्लूला मांडीवर घेऊन तिने मोजमापांची वही उघडली. शनिवारी तिने दवाखान्याच्या चारही भिंती स्वतः टेप धरून मोजल्या होत्या. तासाभरात भिंती उभ्या राहिल्या. मग तिने दंतवैद्यांनी पाठवलेली खुर्ची आणून ठेवली. म्हणजे रुग्णाची, दिवा लावलेली, आडवी होणारी खुर्ची, जिचा नकाशा कंपनीकडून आयता मिळतो.

नेमक्या त्याच क्षणी दंतवैद्य स्वतः आले. "इथून चाललो होतो, म्हटलं कुठवर आलंय बघावं."

पडद्यावर खुर्ची होती. फक्त खुर्ची. तिच्या पायाशी एक ठिपका होता, आणि तो ठिपका म्हणजे दवाखाना. फुकट सॉफ्टवेअर मिलिमीटरला इंच समजत होतं, त्यामुळे खुर्ची पंचवीस पटींनी वाढली होती. दवाखान्यात खुर्ची बसायची, ते राहिलं बाजूला. खुर्चीत दवाखाना बसला होता, आणि खुर्चीच्या हातावर शेजारची दोन दुकानंही मावली असती.

दंतवैद्यांनी बराच वेळ बघितलं. "खुर्ची जरा मोठी वाटते," ते म्हणाले.

"कमी करता येईल," ती म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"नाही, नाही. तुमचं क्षेत्र आहे ते." आणि दारात बूट घालता घालता, "मेहुण्याला एकदा विचारून ठेवतो. सहज."

ते गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या एवढा वेळ दाराआडून ऐकत होत्या, पण ऐकत नव्हतो हे दाखवायला हातात झारा घेऊन आल्या. "दात काढायचा म्हटल्यावर खुर्ची तेवढीच मोठी दिसते गं," त्या म्हणाल्या. "तू बरोबरच काढलंस."

बुधवारी तिने कॅडच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बावीस मिनिटं सनई वाजली. पिल्लू त्या सुरांवर नाचली. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी आली. तिने परवान्याचा नंबर विचारला, पडताळला, आणि म्हणाली, "मॅडम, हे सॉफ्टवेअर तुमच्या नावावर नाही."

"ते माहेरचं आडनाव आहे. मीच ती."

"बरोबर आहे मॅडम. पण हे त्यांनी स्वतः सांगायला हवं."

"मी स्वतःच सांगतेय."

"तुम्ही तुमच्या वतीने सांगताय मॅडम. त्यांनी त्यांच्या वतीने एकदा फोन केला तर बरं होईल."

पिल्लूची आई मुळात भांडखोर नाही. तिने आवाज चढवला नाही, उलट इतका उतरवला की पिल्लूनेही नाचायचं थांबवलं. "त्या बाईला आणि मला एकाच वेळी एकच मूल झालंय," ती म्हणाली. "यापेक्षा जवळचा संबंध तुम्हाला कुठे मिळणार?"

"संबंध चालत नाही मॅडम. पुरावा लागतो."

मग पुरावा जमा झाला. विवाह नोंदणीचा दाखला, आधीचं ओळखपत्र, आताचं ओळखपत्र, दोन्हींतला फोटो एकाच बाईचा असल्याबद्दल नोटरीचा शिक्का आणि वर तिच्या वडिलांचं हाताने लिहिलेलं पत्र. ते पत्र कोणीच मागितलं नव्हतं. पण वडिलांना फोनवर हकिगत कळली, आणि त्यांनी तासाभरात रिक्षाने पत्र पाठवलं. 'ही माझीच मुलगी असून लहानपणापासून तिचं अक्षर चांगलं आहे,' असं त्यात होतं. तिने सगळं एका निळ्या फायलीत लावलं आणि फोटो काढून पाठवलं.

दुपारी हेल्पलाइनचा उलटा फोन आला. "अभिनंदन मॅडम! तुमचं लग्न आमच्याकडे नोंदवलं गेलं आहे. सॉफ्टवेअर आता तुमचं आहे."

"मग ते चालू करून द्या."

"नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ही आवृत्ती चालत नाही मॅडम. जुनी सिस्टिम असेल तर तिच्यावर खुशाल चालवा. आणखी काही सेवा करू शकते का?"

गुरुवारी दुरुस्तीवाले आले. वय पन्नाशीच्या पुढचं. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे कुठलंही यंत्र आधी कान लावून ऐकायची सवय. त्यांनी कॉम्प्युटरवर डोकं ठेवलं, डोळे मिटले आणि विचारलं, "आधी कोणी हात लावला होता?"

घरच्यांनी पिल्लूच्या बाबाकडे पाहिलं. त्याने त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली होती.

"त्यांना दुसऱ्या खोलीत बसू द्या," दुरुस्तीवाले म्हणाले. पिल्लूचा बाबा उठून गेला.

तपासणी अर्धा तास चालली. मग ते तिच्याकडे वळले. अशा वेळी डॉक्टर जसे आवाज मऊ करतात तसा त्यांनी केला. "सॉफ्टवेअर चांगलं आहे, ताई. जुनं आहे, पण त्यात खोट नाही. नव्या घरात त्याला कोणी ओळखत नाही, एवढंच."

पिल्लूची आई खिडकीबाहेर बघू लागली. खिडकीबाहेर तसं काही नव्हतं.

"जुन्या कॉम्प्युटरची नक्कल काढून ठेवली होती का कुठे?"

होती. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या दिवशी तिने आख्ख्या कॉम्प्युटरची, आहे तशी, एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढली होती. ती अशीच बाई आहे. गॅस बंद केल्यावर ती एकदा बघते आणि मग फोटो काढते. डिस्क पिल्लूच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर, त्याच डब्यात, त्याच रबरबँडमध्ये होती.

दुरुस्तीवाल्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "मग झालं. या कॉम्प्युटरच्या आत आपण तो जुना कॉम्प्युटर जिवंत करू. आतल्याला बाहेरचं काही कळणार नाही. ज्या दिवशी तो झोपला त्याच दिवशी जागा होईल."

"आत म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"आत म्हणजे पोटातच म्हणा ना, आजी. कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर."

सासूबाई लगेच उठल्या. मग त्यांनी मिक्सरची पिन काढली. "त्याच्या शेजारी आवाज नको," त्या म्हणाल्या. "आणि हलवायचं नाही आता. कोणी जड ठेवू नका त्याच्यावर."

"तसं काही नसतं हो आजी. फक्त एकाच्या खुराकात दोघं जगणार, तेव्हा थोडा धापा टाकेल."

"टाकणारच!" सासूबाई म्हणाल्या आणि टेबलपंखा त्याच्या दिशेला वळवला.

त्यानंतर त्या घरात जे चाललं ते बाहेरच्याला सांगून पटणार नाही. वरचे काका विचारपूस करायला आले, तर सासूबाईंनी त्यांना दारातच, हलक्या आवाजात सांगितलं, "आत्ता नको. उद्यापर्यंत सुटका होईल." काका गंभीर होऊन पाऊल न वाजवता वर गेले. पिल्लूच्या बाबाला आतल्या खोलीतून बाहेर यायची परवानगी मिळाली ती जेवायच्या वेळी. तो सगळ्या बापांसारखा व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागला.

दुपारी तीनच्या सुमाराला पडद्यावर एक छोटी चौकट उघडली आणि तिच्यात दीड वर्षापूर्वीचा कॉम्प्युटर जागा झाला. मागे जिन्याचा फोटो होता. तिने काढलेला, गोल, मधे खांब नसलेला जिना, ज्याचं काम साहेबांनी ऑफिसातल्या नऊ जणांमधून तिला दिलं होतं. कोपऱ्यात तिच्याच हातची पिवळी चिठ्ठी: 'सोमवारी कठड्याची उंची तपासणे.' लस नाही, वरणाचं पाणी नाही, दातांचा चार्ट नाही. तिला एखाद्या ओळखीच्या बाईच्या घरात, ती घरी नसताना शिरल्यासारखं वाटलं.

कॅड उघडलं. मंगळवारची अर्धी फाइल आत नेली, तीही उघडली. खुर्ची आणली. खुर्ची खुर्चीएवढी होती.

आपल्याला यातलं काही आठवेल का, ही भीती तिला सोमवारपासून होती. खरं तर चौदा महिन्यांपासून होती. सोमवारी तिला फक्त निमित्त मिळालं. पण हातांनी तिला विचारलंच नाही. डाव्या हाताची बोटं आपली आपण कळांवर गेली आणि भिंत, दार, बेसिन, क्ष-किरणांची खोली असं ओळीने काढत सुटली. मधे पिल्लू येऊन तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तेव्हा उजव्या हाताने तिला थोपटलं आणि डाव्याने संडासाचं दार बाहेर उघडणारं केलं. शुक्रवारी सकाळी अकराला नकाशा पुरा झाला. झेरॉक्सच्या दुकानात त्याची मोठी प्रत निघाली, गुंडाळी झाली, आणि पिल्लूला सासूबाईंकडे सोपवून ती निघाली. जाता जाता निळी फाइलही पिशवीत टाकली. कारण काही नव्हतं. पण ती अशीच बाई आहे.

परवान्याच्या कचेरीत एक नंबरच्या खिडकीसमोरची रांग जिन्यापर्यंत होती. तिचा नंबर लागला तेव्हा साडेतीन वाजले होते. खिडकीतल्या कारकुनाने गुंडाळी उलगडली, खालच्या कोपऱ्यातली चौकट वाचली आणि चष्मा वर केला.

"बाई, हा नकाशा दीड वर्षापूर्वीचा आहे."

तिने पाहिलं. चौकटीत नाव आणि तारीख सॉफ्टवेअर आपोआप घालतं. आतल्या कॉम्प्युटरने प्रामाणिकपणे घातली होती. त्याच्या मते तो रजेवर जायचा दिवस होता, आणि नकाशा काढणारीचं आडनाव माहेरचं होतं.

"आणि ही इमारत," कारकून कागद बघत म्हणाला, "उभी राहिली मागच्या वर्षी. म्हणजे इमारतीच्या आधी तुम्ही तिच्या आतल्या संडासाचं माप घेतलंत."

"हो. म्हणजे नाही. कॉम्प्युटरची चूक आहे."

"चूक कुणाचीही असो, तारीख जुनी तर प्रकरण जुनं. तीन नंबरची खिडकी."

तीन नंबरच्या खिडकीसमोर कोणीच नव्हतं. खिडकीत पण कोणी नव्हतं. एक नंबरचा कारकून उठला, मागून चालत आला, तीन नंबरमध्ये बसला आणि तिला कधी पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने म्हणाला, "बोला."

तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने सगळं पहिल्यापासून ऐकलं. "जुन्या प्रकरणाला जुना फाइल नंबर लागतो," तो म्हणाला.

"तो नाहीये. प्रकरण नवीन आहे."

"मग एक नंबरला जा."

ती एक नंबरला गेली. तोही आला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ताई, त्यांना एकाच जागी बसवून ठेवा ना, आमचंही होऊन जाईल." पावणेचार झाले होते. दंतवैद्यांचा मेहुणा या क्षणी कुठेतरी मोबाइल चार्ज करत असणार.

"तारीख पेनने दुरुस्त केली तर?" तिने विचारलं.

"चालेल. शेजारी ज्याने नकाशा काढला त्याची सही पाहिजे." त्याने चौकटीतलं नाव बोटाने दाखवलं. "या बाईंना घेऊन या."

पिल्लूच्या आईने पिशवी काउंटरवर ठेवली. निळी फाइल काढली आणि एकेक कागद, सावकाश, पत्त्यांच्या डावात शेवटची पानं टाकावीत तसा टाकला. विवाह नोंदणी. आधीचं ओळखपत्र. आताचं ओळखपत्र. नोटरीचा शिक्का. कारकुनाने प्रत्येक कागद उजेडात धरून पाहिला. वडिलांचं पत्र त्याने दोनदा वाचलं.

"अक्षर चांगलं आहे म्हणतात," तो म्हणाला.

"हो."

"तारीख स्वच्छ लिहा मग." त्याने पेन पुढे केला. तिने जुनी तारीख खोडली, आजची लिहिली आणि सही केली; आधी माहेरच्या नावाची, शेजारी सासरच्या नावाची. त्याने दोन्हींवर मिळून एक शिक्का मारला. तीन वाजून त्रेपन्न मिनिटं. "बावीस वर्षं या खिडकीत आहे," तो शाई पुसत म्हणाला. "स्वतःचा पुरावा न मागता घेऊन आलेलं माणूस पहिलंच."

तिने कचेरीच्या पायरीवरूनच दंतवैद्यांना फोन केला. "झालं? वा!" ते म्हणाले. "मग आता वरच्या मजल्यावर माझ्या बहिणीची लॅब होतेय, तिचंही बघा. सोमवारपासून. मेहुण्याच्या नकाशात काल दरवाजाच नव्हता हो."

घरी आली तेव्हा पिल्लू सासूबाईंच्या कडेवर होती. टेबलपंखा कॉम्प्युटरकडे तोंड करून चालू होता आणि पिल्लूचा बाबा त्याच्यापासून चार हात लांब, हात मागे बांधून उभा होता. सासूबाईंचा चेहरा मात्र काहीतरी घडून गेल्यासारखा होता.

"काय झालं?" तिने चपला न काढताच विचारलं.

"काही नाही गं. तू गेलीस आणि ती खिडकी आली. रविवारचीच. आणखी नवीन काहीतरी आलंय, घालू का, म्हणून विचारत होती. गोड बोलत होती." सासूबाईंनी मुलाकडे एक नजर टाकली. "हा पुढे झालाच होता. मी त्याला मागे ओढलं आणि तिला सांगितलं, घरची मालकीण बाहेर गेली आहे, घरात दोन जिवांचं माणूस आहे, आत्ता काही नको."

"आणि मग?"

"मग खाली 'नंतर' असं लिहिलेलं होतं. पिल्लूच्या बोटाने दाबलं."